नाव विचारायला आलेला माणूस

ते साल दोन हजार तेवीस. मे महिना होता, तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात आला होता, आणि नैनगुड्याच्या दीपिका पुंगाटीचा परदेशी नोकरीचा व्हिसा अडकला होता. तो अडकवला होता तिला लहानाचं मोठं करणाऱ्या सुकरीनेच.

दीपिका माझ्या हातावर जन्मली. मी मूलची, तांदळाच्या गिरण्यांच्या गावची. एकोणऐंशी साली नर्स म्हणून आलापल्लीला आले आणि परत गेलेच नाही. तेव्हा सागाच्या जंगलातून दिवसाही अंधारल्यासारखा रस्ता होता आणि एस.टी. आली की अख्खा बाजार तिच्याकडे तोंड करून उभा राहायचा. नैनगुडा माझ्या हद्दीतलं शेवटचं गाव. पहिल्यांदा लस घेऊन गेले तर गावाने सांगितलं, इथी लेकरं नाईत. सांगणाऱ्या बाईच्या मागे झोळीत पोर हुंदके देत होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा म्हणाली, नाईत.

हळूहळू मला समजलं की त्या गावात आल्या आल्या कोणाचं नाव विचारायचं नसतं. आधी बसायचं. पाणी मागायचं. पाण्याला ते एर म्हणतात, मी शिकलेला त्यांचा पहिला शब्द तोच. मग आपण कोण, आपली आई कोणत्या गावची, हे आपणच सांगायचं. त्यानंतर त्यांच्या मनात आलं तर ते बोलतात. मला त्या झोळीतल्या पोराला सुई टोचायला तीन खेपा पडल्या.

पुढे ही सवय नुसती लाज-संकोचाची राहिली नाही. रात्री जंगलातून बंदूकवाले येत आणि विचारत, घरात तरणं कोण आहे. सकाळी खाकीवाले येत आणि विचारत, रात्री कोण आलं होतं. नव्व्याण्णव साली असंच कोणीतरी सुकरीच्या दारात उभं राहिलं आणि गोड बोलून विचारलं, पोरी किती? सुकरीला तेव्हा आपल्या मंगलीचा मोठा अभिमान. चौदा वर्षांची, आश्रमशाळेत शिकणारी. तिने नाव सांगितलं, वय सांगितलं. आठवड्याने ते परत आले आणि मंगलीला घेऊन गेले. ती पुन्हा दिसली नाही. त्यानंतर नैनगुड्यात पोरांना आकडे शिकवायच्या आधी हे शिकवत, की अनोळखी माणसाने नाव विचारलं तर नाई म्हणायचं.

दीपिका चार वर्षांची असताना तिची आई डोक्यात चढलेल्या मलेरियाने गेली. बाप बिरजू पोटासाठी जंगलात आणि सडकेच्या कामावर. शेजारचं घर सुकरीचं, दोन्ही घरांना मिळून एकच कुंपण. पोर त्या कुंपणातून इकडची तिकडे झाली. रक्ताचं नातं नव्हतं, पण ती सुकरीला आत्या म्हणायला लागली.

पोरगी शिकली. चंद्रपूरला वसतिगृहात राहून डिप्लोमा केला, पुण्यात कारखान्यात लागली. लाकूड कापणाऱ्या मोठ्या मशीनला काय कापायचं, किती कापायचं हे कॉम्प्युटरवरून शिकवायचं, असं तिचं काम. तिथून तिला न्यूझीलंडच्या एका कंपनीने उचललं. लाकडाच्या फळ्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या जाड भिंती करायच्या आणि त्या भिंतींची पाच-पाच मजली घरं उभारायची, असा त्यांचा धंदा. पाच वर्षांपूर्वी एका गोदामात सुरू झालेली कंपनी, आता तिला माणसं पुरत नव्हती.

बिरजूने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिकडं साग आहे?"

"नाई बाबा. पाइन आहे."

"सागाशिवाय काय लाकूड," तो म्हणाला, आणि त्याच्या परीने विषय संपला.

व्हिसाला काय काय लागतं हे दीपिका मला फोनवर सांगायची. इंग्रजीची परीक्षा दिली. छातीचा फोटो काढला. जुन्या नोकरीचे दाखले जमवले. राहिला पोलिसांचा दाखला, की ही मुलगी अमुक गावची असून हिच्यावर काही गुन्हा नाही. कंपनीला त्या जागेवर बाहेरचं माणूस आणायची जी परवानगी मिळाली होती ती जूनअखेर संपत होती. तोवर सगळे कागद गेले नाहीत तर जागा दुसऱ्याला. कंपनीतली एक बाई रोज मेल करून विचारायची, दाखला आला का.

पासपोर्टाच्या वेळी दीपिकाला पोलीस ठाण्यातच बोलावून घेतलं होतं, त्यामुळे गावात कोणी विचारायला आलं नव्हतं. या वेळी ती पुण्यात, कामाच्या पाळीत फोन लॉकरमध्ये. चौकशीला निघालेल्या हवालदाराने फोन लावला, लागला नाही, म्हणून तो साध्या कपड्यांत मोटरसायकलवर सरळ गावात गेला. गाव पत्ता तोडायला जंगलात. घरी राहिलेली म्हातारी-कोतारी. त्याने गाडीवर बसूनच मोबाइलमधला फोटो पुढे केला आणि विचारलं, "दीपिका बिरजू पुंगाटी इथंच राहते ना?"

सुकरी टोरीची, म्हणजे मोहाच्या बियांची, फोलं काढत बसली होती. तिने फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "अशी कोणी नाई इथी."

तो आणखी दोन घरी गेला. तिथेही तेच. हवालदाराने जे ऐकलं ते लिहिलं.

दीपिकाला मोबाइलवर कळलं की अहवाल प्रतिकूल आहे. तिचा मला फोन आला. रडत नव्हती, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "बाई, मी इथली नाई असं लिहिलं आहे." पुण्याहून नागपूरच्या पासपोर्ट कचेरीत येऊन तिने फेरचौकशीचा अर्ज दिला आणि चंद्रपूरमार्गे दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी राहिली. तोंड सुकलेलं. मी भात वाढला, तिने दोन घास खाल्ले आणि पुन्हा फोन पाहिला.

आम्ही दोघी नैनगुड्याला गेलो. सुकरी अंगणात होती. पोर अचानक आलेली पाहून तिचं तोंड फुललं, आणि मग आमचे चेहरे पाहून मावळलं.

"आत्या, मोटरसायकलवाला आला होता का?"

"आला होता एक."

"मी जाऊ नये म्हणून नाई म्हटलं का तुनं?"

सुकरीला प्रश्नच कळला नाही. "तो कोण होता हे मले काय मालूम? फोटो दाखवून राह्यला होता तुहा. मनात म्हटलं, याच्याजवळ हिचा फोटो काऊन आहे?"

दीपिकाने मग सगळं समजावून सांगितलं. तो पुन्हा येईल, शेजाऱ्यांना विचारेल, तेव्हा फक्त हो म्हणायचं. बापाने हो म्हणून भागत नाही, शेजारी लागतात. कुंपणापलीकडून नथ्थू म्हातारा ऐकत होता. "मले काई विचारू नका," तो म्हणाला. "मले तर माहं गाव पण आठवत नाई."

"आत्या, तू तरी म्हणशील ना?"

सुकरी टोपली उचलून आत गेली. दारातून म्हणाली, "एकदा हो म्हटलं होतं."

दीपिका ओसरीच्या खांबाला टेकून बसली. संध्याकाळी बिरजू पत्त्याचं ओझं खरेदीच्या फळीवर देऊन आला तेव्हाही ती तशीच होती. नेटवर्क फक्त टेकडीवर मिळायचं. ती अंधार पडेपर्यंत दोनदा वर जाऊन आली. कंपनीतल्या बाईचा मेल होता: आम्हाला काळजी वाटू लागली आहे.

मी मात्र दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. तो हवालदार गुणवंतराव, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. माझ्यासमोर फाइल उघडून म्हणाला, "बाई, माझं काय चुकलं सांगा. तीन घरं विचारली. एका म्हाताऱ्यानं तर मलेच विचारलं, हे गाव कोणतं म्हणून."

"तुमचं चुकलं नाही भाऊ. तुम्ही गाडीवरून उतरलात का?"

"उतरायचं काय त्यात? होय का नाही, एवढंच तर विचारायचं होतं."

"आता जाल तेव्हा उतरा. बसा. पाणी मागा. तुमची आई कोणत्या गावची ते सांगा. पोरीचं नाव काढू नका."

"म्हणजे मी चौकशीला जायचं आणि चौकशीच करायची नाही?"

"असंच काही."

तो हसला नाही. म्हणाला, "फेरचौकशीत पण होकार नाही आला, तर मग माझ्या हातात काई राहत नाई, बाई. वर जे जाईल ते जाईल." हे सांगून त्याने माझ्या छातीत आणखी एक दगड ठेवला. मी तो दीपिकाला दाखवला नाही.

तो आला त्या दिवशी ऊन असं होतं की मोहाच्या झाडाखालची माती पायाला पोळत होती. मी सकाळपासून सुकरीकडे बसून होते. दीपिकाला तिने आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं आणि तशी ताकीदच दिली होती. गाडीचा आवाज आला तशी सुकरी सूप घेऊन दारात बसली, वाट अडवून बसावं तशी.

गुणवंतराव गाडीवरून उतरला. टोपी काढून हातात घेतली. खाली, सावलीत, जमिनीवरच बसला. "मावशे, पाणी मिळेल का?"

सुकरीने शेजारचा लोटा पुढे सरकवला. पोरीला हाक मारली नाही. तो पाणी प्याला आणि मला सांगावं तसं, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "माही आई सावली गावची. तिकडं पण मोह लई. मी लहान होतो तवा टोरी फोडायले बसवे मले." खिशातल्या मोबाइलला त्याने हातही लावला नाही.

बराच वेळ सूप हलल्याचा आवाज येत राहिला. नथ्थू कुंपणाशी येऊन उभा राहिला होता.

मग सुकरीनेच विचारलं, "लेकरं किती तुले?"

"दोन."

"पोरी?"

"एक पोरगी. एक पोरगा."

"पोरीचं नाव?"

आणि गुणवंतराव अडखळला. मी त्याच्याकडे पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. या जिल्ह्यात नोकरी केलेल्या पोलिसांच्या घरांतही एक शिकवण असायची, की बाप काय करतो हे बाहेर सांगायचं नाही, बाहेरच्याला घरच्यांची नावं सांगायची नाहीत. पंचवीस वर्षं त्याने ती पाळली असणार.

सुकरी सूप खाली ठेवून त्याच्याकडे पाहत होती. "तू पण नाई सांगत," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. एखाद्याचं दुखणं आपल्यासारखंच निघावं, तसं म्हणाली.

गुणवंतरावाने चष्मा पुसला. "शीतल," तो म्हणाला. "शीतल नाव तिचं. बारावीले आहे. तिले पण बाहेर जायचं आहे शिकायले."

"चांगली आहे का तब्येतीनं?"

"चांगली आहे."

सुकरीने तोंड न वळवता मागच्या अंधाराला हाक दिली. "दीपिका, एर."

दीपिका भरलेला लोटा घेऊन बाहेर आली. तिने लोटा गुणवंतरावापुढे ठेवला. त्याने तो उचलला, पुन्हा प्याला, आणि तेव्हा कुठे पिशवीतून कागद काढला.

"मावशे, लिहिणं पडते म्हणून विचारतो. ही कोण?"

"पाहून राह्यला ना," सुकरी म्हणाली. "आमची आहे. इथीच वाढली. माह्या हाताखाली वाढली." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "तिचं काई वाईट झालं तर मी तुह्या घरी येईन. मले आता तुह्या पोरीचं नाव मालूम आहे."

गुणवंतराव पहिल्यांदा हसला. तिचा अंगठा घेतला. दुसरा शेजारी कोण, असं त्याने इकडेतिकडे पाहिलं तर नथ्थू कुंपणातून अंगठा पुढे करूनच उभा होता. "गावाचं नाव नैनगुडा लिहा," त्याने हवालदाराला बजावलं.

दाखला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. तोवर दीपिकाने धड जेवण केलं नाही, मीही नाही. व्हिसा ऑगस्टमध्ये मिळाला.

दीपिका तिथेच आहे. पहिला हिवाळा तिला फार कठीण गेला, फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. आता तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. नवीन माणूस आला की ती आधी स्वतःचं गाव सांगते, असं एकदा म्हणाली. बिरजूने मोठा मोबाइल घेतला आहे आणि रोज सकाळी टेकडी चढतो. पाइनचं लाकूड पाहून त्याचं मत बदललेलं नाही. नथ्थू मागच्या वर्षी गेला, भाताच्या रोवणीच्या दिवसांत. गुणवंतरावाची बदली ब्रह्मपुरीकडे झाली. त्याची शीतल नागपूरला नर्सिंग शिकते. मला त्याने मुद्दाम फोन करून सांगितलं.

आणि सुकरी. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती कोणाला न सांगता पायी फाट्यावर आली, एस.टी.त बसून ठाण्यात गेली आणि गुणवंतरावापुढे मंगलीचं नाव, वय आणि कोणत्या साली नेलं ते सांगितलं. चोवीस वर्षांत तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्याने बदली होईपर्यंत जमेल तिथे विचारपूस केली. काही कळलं नाही. सुकरी मात्र महिन्यातून एकदा अजून ठाण्यात जाते. नवीन हवालदार तिला बसवतो, पाणी देतो, आणि ती त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगते.