जादा दोन खण

कुठलीही गोष्ट अर्धवट कळली की मला अन्न गोड लागत नाही. सोलापूरच्या म्युनिसिपालटीत बांधकाम परवान्यांच्या टेबलावर बसतो, त्यामुळे या खोडीला खुराकही भरपूर. पण सन एकोणतीसमधल्या त्या दुपारी अंबुबाईनं माझ्यासमोर गाठोडं सोडलं आणि चोळीचे दोन कोरे खण काढून ठेवले, तेव्हा माझीही मती गुंग झाली.

"घ्या सायेब, जादा दोन खण. आज आठवा दिस हाय. टायमात आनल्यात."

"बाई, हे आणि काय?"

तिनं कनवटीची नोटीस काढली. अक्षर माझंच. 'आपल्याकडे विनापरवाना जादा दोन खण आढळले. आठ दिवसांत काढून टाकावेत.'

"शेजारच्या प्रेमलाताईंनी वाचून दावली. ऐकलं आन् म्हनलं, ह्यास्नी कळलं तरी कसं?"

आता मला राहवेना. "काय कळलं?"

ती सांगोल्याकडची, मेंढरं विकून शहरात आली आणि दारोदार खण विकू लागली. मागल्या महिन्यात गुळेदगुड्डहून माल आणला. जकात नाक्यावर वीस खण दाखवले, वरचे दोन मात्र लुगड्याच्या आत कमरेला गुंडाळले. बरोब्बर दोन!

मी इतका हसलो की शेजारचे कारकून वळून बघू लागले. "अहो, हा खण नव्हे! दोन तुळयांमधली जागा, तो खण. तुम्ही घरामागं दोन खण वाढवलेत ना परवानगीशिवाय? ते पाडा म्हणून नोटीस आहे."

"अगं बया! घराचं खण व्हय!" ती मटकन खाली बसली. "आन् पाडनार कवा?"

"मुदत आज संपते. उद्या सकाळी माणसं येतील."

"तितं माजी बनाबाई ऱ्हाती वो. नवऱ्यानं टाकली तिला. म्होरल्या खोलीत ल्योक-सून. लेकीला पाठ टेकाया जागा न्हवती, म्हनून बांधलं."

माझ्या हसण्याची मलाच लाज वाटली. वाट एकच होती. झालेल्या बांधकामाला मागाहून परवानगी मागायची, आणि ओव्हरसियर आबासाहेबांची शिफारस आजच्या आज मिळवायची. मी कोरा अर्ज ओढला आणि भराभर लिहू लागलो.

तेवढ्यात आबासाहेबच आले. त्यांची नजर आधी खणांवर गेली, मग अर्जावर.

"यज्ञेश्वर, लाच कधीपासून घेता?"

खरं सांगावं तर बाई नाक्याच्या गुन्ह्यात अडकणार. गप्प बसावं तर अर्ज केराच्या टोपलीत.

अंबुबाई उठून उभी राहिली. "लाच न्हाय सायेब, चोरी हाय. माजी." आणि तिनं सगळं घडाघडा सांगून टाकलं.

आबासाहेबांनी खण उलटसुलट करून पाहिले. "महिना झाला. विकले का नाहीत?"

"इकायचं न्हवतंच. बनीला आनलं. टाकलेल्या बाईची वटी कोन भरतंय? म्याच भरनार हुते."

आबासाहेबांनी खण घडी करून तिच्या हातात दिले. म्हणाले, "नाक्यावर जाऊन कबूल करा आणि जकात भरा. चुकलं ते चुकलंच." मग माझ्याकडे वळून, "पाहणीच्या वेळी मागची गल्ली मी मोजलीय, नियमाइतकी सोडलीय. अर्ज पुरा करा, शिफारस देतो."

मी पुढचा रकाना वाचला. "जागेत कोण राहणार?"

"बनाबाईचंच नाव लिवा. ठळक लिवा. म्या मेल्यावर ल्योकानं तिला भाईर काढाया नगं."

पुढचा रकाना पतीच्या नावाचा होता. "जावयाचं नाव काय?"

अंबुबाईनं त्या रकान्यावर बोट दाबून धरलं. "त्यानं हिला घराभाईर काढलं. आता ह्या घरात तेचं नाव कशापायी? हितं माजं लिवा."

अकरा वर्षांत मी तो रकाना आईच्या नावानं कधी भरला नव्हता. नियमात बसतं का, हेही मला ठाऊक नव्हतं. मी 'पतीचे' हा शब्द खोडला, वर 'आईचे' असं लिहिलं आणि पुढं 'अंबुबाई'.

आबासाहेबांनी कागद हातात घेतला, खोडलेला शब्द वाचला, शिफारशीखाली सही ठोकली, आणि त्या खाडाखोडीशेजारीही सही केली.