गाडीमास्तरांची डावी बाजू

ईसीजीवाल्या ताईंनी छातीवरच्या रबरी टोप्या पुन्हा एकदा उपटल्या, तसे मास्तर कळवळले.

"अहो ताई, केस येताहेत हातात!"

"येऊ देत. मशीन बिघडलंय की तुम्ही, एवढं कळू दे मला," ताई म्हणाल्या. त्यांनी डावीकडच्या टोप्या उजवीकडे लावल्या. इतका वेळ वेडीवाकडी उमटणारी रेघ शहाण्या मुलीसारखी कागदावर चालू लागली. ताईंनी कागदाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि हातातलं तसंच टाकून त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

मास्तरांच्या डाव्या बरगडीखाली कित्येक महिने दुखत होतं. घरचे डॉक्टर गॅस म्हणत आणि गोळ्या देत. आता फोटो निघाले आणि सर्जननी पलंगाच्या कडेला बसून उलगडा केला.

"पित्ताशयात खडे आहेत. पण तुमचं पित्ताशयच डावीकडे आहे. यकृतही डावीकडे. हृदय उजवीकडे. आरशातला माणूस बाहेर यावा, तसे आहात तुम्ही. बाकी ठणठणीत. मात्र सूज वाढलीय, फुटलं तर जिवावर बेतेल. उद्या सकाळीच काढू. तुमच्या मिसेसना मी सगळं समजावतो, सही लागेल त्यांची."

"तिला यातलं अक्षर सांगायचं नाही," मास्तर ताडकन उठून बसले. "नाहीतर मी ऑपरेशन करत नाही."

कारणही तसंच होतं. मास्तर गाडी चालवायला शिकवत. अर्धं शहर त्यांच्या ओरड्याखाली डावं-उजवं शिकलं होतं. लग्न नवं असताना त्यांनी बायकोलाही चाकामागे बसवलं. "डावीकडे!" म्हटल्यावर तिने गाडी उजवीकडे घातली आणि न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक साबणासकट रस्त्यावर आलं. त्या दिवसापासून "हिला डावं-उजवं कळत नाही" हे घरातलं ब्रह्मवाक्य झालं. पाहुण्यांना चहाच्या आधी ही गोष्ट मिळे. ती माउली स्वतःही हसे आणि कपबशा आणायला जाई.

देवाने पित्ताला पिशवी दिली, ती फोटोत दिसते. अभिमान कुठल्या पिशवीत ठेवला, ते मात्र अजून कुठल्या यंत्राला सापडलेलं नाही.

मुलगी प्रयोगशाळेतून तशीच धावत आली. माशांच्या अंड्यांत जीव कसा घडतो, हे पाहण्याचं तिचं काम. बाहीला अजून टाकीच्या पाण्याचा वास होता. फोटो पाहून तिचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना रागच आला.

"बाप आडवा पडलाय आणि तू हसतेस?"

"बाबा, गर्भाला आधी डावं-उजवं माहीतच नसतं. डोकं कुठे, पाठ कुठे, एवढं कळलेलं असतं. मग मधोमध एक इवलासा खळगा होतो. त्यात दिसणार नाहीत इतके बारीक केस असतात, सगळे एकाच दिशेला गरागरा फिरणारे. त्यांच्यामुळे खळग्यातलं पाणी डावीकडे वाहतं. डाव्या काठच्या पेशींना ते जाणवतं. त्या शेजारणींना निरोप देतात, 'बायांनो, डावी बाजू आपली!' त्या निरोपाने तिथला जनुक जागा होतो, तो पुढच्यांना उठवतो, आणि त्याप्रमाणे हृदय आपली वळणं घेतं."

"मग माझ्या वेळी काय झालं?"

"केस नीट फिरले नसतील. पाणी वाहिलं नाही, की छापा-काटा. तुमचा निरोप उजवीकडे गेला."

"म्हणजे माझा शिकवणाराच झोपला होता!"

"झोपला तर झोपला, गाडी पोचली ना! माझ्या टाकीत असे उलट्या हृदयाचे कितीतरी मासे आहेत. मजेत पोहतात."

"त्यांच्या बायकांना सांगतेस का तू?"

मुलीने तोंडावर हात दाबला. तेवढ्यात दार उघडलं. मास्तरीणबाई पिशवीतून टॉवेल, स्वेटर आणि थर्मास काढून टेबलावर मांडू लागल्या.

"ठकू, गप्प," मास्तर मुलीला दबक्या आवाजात म्हणाले.

"तिला कशाला गप्प करताय?" बाई म्हणाल्या. "डॉक्टर भेटले बाहेर. मीच खोदून खोदून विचारलं. सहीसुद्धा केली."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आयुष्यभराचं कर्ज वसूल व्हायची वेळ आली होती.

"हास," ते म्हणाले. "हसून घे एकदाचं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुम्हाला ताप भरला होता, आठवतं? न्हाव्याच्या प्रकरणानंतर थोड्याच दिवसांनी. भर दुपारी तुम्ही निपचित पडलेले. मी घाबरून छातीला कान लावला. इकडे, डावीकडे. काही म्हणजे काही ऐकू येईना. माझ्या तर काळजाचं पाणी झालं. देवाचा धावा करत दुसऱ्या बाजूला कान लावला, तर तिथे आपलं ठाक ठाक, ठाक ठाक."

मास्तर हळूहळू वळले. "आणि बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्हीच म्हणत होतात ना, मला डावं-उजवं कळत नाही. मला वाटलं, माझंच चुकलं."

"नंतर कधी शंका आली नाही?"

"यायची की. मग तुम्ही झोपलात की पुन्हा ऐकायची. दरवेळी आपलं चुकीच्याच बाजूला सापडायचं." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "म्हटलं, सापडतंय ना, मग झालं."

मुलगी खिडकीशी गेली. बाहेर पाहण्यासारखं तसं काही नव्हतं. समोर दवाखान्याचीच भिंत होती.

नर्स मार्कर घेऊन आल्या. "काका, उद्यासाठी खूण करून ठेवायची आहे. सगळ्यांना विचारूनच करतो आम्ही. ऑपरेशन कुठल्या बाजूला?"

मास्तरांनी सवयीने बोट उचललं. तोंडही उघडलं. बोट थोडा वेळ हवेतच राहिलं, मग चादरीवर उतरलं.

"हिला विचारा," ते म्हणाले.