पाव गरम आहे

"फायर!" लेम्युएल कॅथकार्टने तिसऱ्यांदा हाक दिली, आणि तिसऱ्यांदाही बरवेल हॅस्किन्स तसाच उभा राहिला. हात सरळ, हातात रिकामं पिस्तूल, नजर समोरच्या पाइनच्या बुंध्यावर.

"अरे, उभ्या उभ्या झोपलास की काय?"

मग डोळ्याच्या कडेला लेम्युएलचा हात हललेला दिसला असावा, कारण हॅस्किन्सने झटकन चाप ओढला. खट्ट.

"उशीर," लेम्युएल म्हणाला. "उद्या एवढा उशीर केलास, तर मेबँक तुला आडवा करून आरामात जेवायला जाईल."

"वाऱ्यात ऐकू आलं नाही."

वारा कुठला? पाइनची एक सुई हलत नव्हती. लेम्युएल त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू, देवळात कुजबुजावं तसा म्हणाला, "फायर." खट्ट! चाप त्याच क्षणी पडला. लेम्युएल पुन्हा डावीकडे आला. या खेपेला त्याने फायर म्हटलंच नाही.

"बरवेल, तुझी विजार मागून फाटली आहे."

हॅस्किन्स बुंध्याकडे बघत राहिला.

लेम्युएल चालत चालत त्याच्या समोर गेला आणि स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावलं. हॅस्किन्सचा चेहरा असा उतरला, की तीन वर्षं त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या लेम्युएलला तो ओळखू येईना. अख्ख्या कॉलेजात हॅस्किन्स म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मागून हाक मारली तर वळून बघायचा नाही, वाटेत कुणी टोपी काढून 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर सरळ पुढे निघून जायचा. पोरं म्हणायची, बापाची जमीन चढली आहे डोक्यात. खरं सांगायचं तर लेम्युएललाही तसंच वाटायचं.

"अकरा वर्षांचा होतो," हॅस्किन्स म्हणाला. "ताप आला, अंगभर पुरळ उठलं, त्यात हा कान गेला. ठार गेला. माझे चुलतभाऊ या बाजूला येऊन काहीबाही बोलायचे आणि सगळं घर हसायचं. मीसुद्धा हसायचो. काय बोलले ते कळायचं नाही ना! इथे आलो तेव्हा ठरवलं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. इथे मी गर्विष्ठ आहे. गर्विष्ठ माणसाला कुणी हसत नाही, लेम."

"आणि म्हणून मरायचं?"

"शब्द दे आधी. कुणाला सांगणार नाहीस."

लेम्युएलने शब्द दिला. देऊन बसला, आणि मग कळलं की आपण काय करून ठेवलं. तो पाद्र्याचा मुलगा. द्वंद्वासारख्या मानापमानाच्या भानगडीत त्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. हॅस्किन्सने 'माझा पाठीराखा हो' म्हटलं तेव्हा स्वारी इतकी हुरळली, की त्याने जाऊन कॉलरला खळ लावून घेतली होती. पाठीराख्याने चिठ्ठ्या पोचवायच्या, मैदान मोजायचं, पिस्तुलं तपासायची. आणि दोन पाठीराख्यांपैकी नाणेफेक जिंकेल त्याने मधोमध एका बाजूला उभं राहून हाक द्यायची: फायर, एक, दोन, तीन. 'फायर'च्या आधी किंवा 'तीन'च्या नंतर जो गोळी झाडेल, तो हलकट. म्हणजे उद्या ती हाक बरवेलच्या डावीकडून आली, तर बरवेल मेला. उजवीकडून आली तर मेबँक मेला, कारण बरवेल सातव्या वर्षापासून हरणं मारत आला होता. इकडे आड, तिकडे विहीर. जळला मेला तो मान!

"बरं, पण तू त्याला बोललास तरी काय?"

हॅस्किन्स बुटाने जमिनीवरच्या सुया सारत राहिला.

"ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"गुरुवारी न्याहारीला तो माझ्या या बाजूला येऊन बसला आणि काहीतरी म्हणाला. त्याच्या हातात पाव होता. मला वाटलं, म्हणाला असेल पाव गरम आहे. मी म्हटलं, छान. मी नेहमी छानच म्हणतो, बहुतेक वेळा खपून जातं. तो उठून गेला, आणि दुपारी चिठ्ठी आली."

चिठ्ठी लेम्युएलला पाठ होती. 'गुरुवारी न्याहारीच्या वेळी आपण जो शब्द उच्चारलात, त्याबद्दल शनिवारी पिस्तुलाने समाधान द्यावे.' शब्द कोणता, ते तिच्यात नव्हतं.

"अरे, मग विचारायचं नाही का?"

"काय विचारू? मी काय बोललो ते जरा सांगता का, असं?"

परतताना लेम्युएलला एकेक गोष्ट आठवू लागली. जेवणघरात बरवेलची जागा बाकाच्या डाव्या टोकाला, भिंतीला खेटून. ती जागा त्याने पहिल्या दिवशीच धरली होती आणि कुणाला बसू देत नसे. या आठवड्यात भिंतींना चुना लावायचा म्हणून टेबलं मधे ओढली होती. आणि कॉलेजच्या कारभाऱ्याचा गुलाम, म्हातारा टायटस. टेबलं मधे आली तरी बाकी सगळ्यांना तो डावीकडून वाढायचा आणि हॅस्किन्सला तेवढा वळसा घालून उजवीकडून. म्हणजे टायटसला तीन वर्षं ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मेबँकचा पाठीराखा ऑगस्टस फिलपॉट. लेम्युएल त्याच्या खोलीवर गेला तेव्हा तो खाटेवर बसून पिस्तुलं पुसत होता.

"माफीनामा आणलात का आपल्या माणसाचा?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाही. मला एवढंच सांग, तो शब्द कोणता होता?"

फिलपॉट हसला. "ताकाला येऊन भांडं काय लपवतोस, कॅथकार्ट? तुझ्या माणसाला विचार की."

"मी तुला विचारतोय."

"ते बोलता येणार नाही. चिठ्ठीतही म्हणूनच घातलं नाही. त्यात एका स्त्रीचा संबंध येतो."

झालं. लेम्युएलने कपाळाला हात लावला. पुरुषांच्या भांडणात, कागदावर किंवा तोंडी, बाईमाणसाचं नाव येऊ द्यायचं नाही, हा नियम या पोरांना प्रार्थनेपेक्षा पक्का पाठ होता. त्या नियमापायी चार शहाणी माणसं दोन दिवस एका शब्दाभोवती नुसती घिरट्या घालत होती.

"ऑगस्टस, उद्या तू आणि मी दोन माणसं दहा पावलांवर उभी करणार. त्यातला एक मेला आणि त्याच्या आईने मला विचारलं की कशासाठी, तर काय सांगू? एक शब्द होता बाई, पण कोणता ते विचारायची आम्हाला लाज वाटली?"

फिलपॉटचा हात थांबला. तो उठला, दार लोटलं.

"हे तू माझ्याकडून ऐकलेलं नाहीस," तो म्हणाला. "गुरुवारी सकाळी चार्ल्सटनहून त्याला पत्र आलं. पिवळ्या तापाने त्याची बहीण गेली. बिचाऱ्याला काही सुचेना. सवयीने जेवणघरात आला, सवयीने पाव उचलला, रिकामी जागा दिसली तिथे बसला. शेजारी तुझा हॅस्किन्स. त्याला म्हणाला, 'माझी बहीण गेली.' आणि तुझ्या माणसाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, 'छान.'"

लेम्युएल मटकन खाटेवर बसला. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं आणि तेच तो गहाण टाकून आला होता.

"काय रे, बरं नाही का वाटत?"

"काही नाही," लेम्युएल म्हणाला आणि निघाला.

खोलीवर येऊन त्याने बरवेलच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं.

"मी हसलो?"

"हो."

"नाव काय होतं तिचं?"

"विचारलं नाही मी."

बरवेलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. लेम्युएलने त्याचा दंड धरला.

"मला शब्दातून मोकळं कर. मी आत्ता पळत जातो आणि सांगून येतो."

"आणि त्यांना ते खरं वाटेल? उद्या गोळी खायची वेळ आली, आणि आज याचा कान गेला! सांगायचं असतं तर गुरुवारी सांगायला हवं होतं. लेम, मला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

मग तो उजव्या कुशीवर, उशीत कान दाबून झोपला. आता त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. जेवणाची घंटा झाली, ती लेम्युएलने एकट्यानेच ऐकली.

शनिवारी दुपारी चौघे नदीपलीकडे गिरणीमागच्या कुरणात जमले. हॅम्पडेन मेबँकच्या दंडावर काळी फीत होती. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याला गोळी मारायची हौस नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बहिणीच्या मरणाला कुणी छान म्हटलं आणि आपण ऐकून घेतलं, हे घेऊन तो घरी आईसमोर कसा जाणार होता?

नाणेफेक फिलपॉटने जिंकली. दोघे दहा पावलांवर उभे राहिले, आणि फिलपॉट हाक द्यायला जाऊन उभा राहिला तो नेमका हॅस्किन्सच्या डाव्या हाताला.

लेम्युएलचा बाप म्हणायचा, दिलेला शब्द देवाच्या वहीत जातो. जाऊ दे, त्याने मनाशी ठरवलं, माझं काय व्हायचं ते होवो. त्याने बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात हॅस्किन्स खाली वाकला. त्याने पिस्तूल गवतावर ठेवलं आणि तो मेबँकच्या दिशेने चालू लागला.

"मिस्टर हॅस्किन्स! जागेवर!" फिलपॉट ओरडला. "हॅस्किन्स! अरे, ऐकू येत नाही का?"

हॅस्किन्सने मान वळवली नाही की पाऊल थांबवलं नाही. मेबँकने पिस्तूल उचललं होतं. तो एकदा ओरडणाऱ्या फिलपॉटकडे बघत होता, एकदा शांतपणे चालत येणाऱ्या हॅस्किन्सकडे. पिस्तुलाची नळी हळूहळू खाली आली.

हॅस्किन्स त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"माझा हा कान मेलेला आहे," तो म्हणाला. "अकराव्या वर्षापासून. तू त्या दिवशी या बाजूला बसलास. तुझ्या हातात पाव होता. मला वाटलं तू म्हणालास, पाव गरम आहे." त्याचा आवाज फाटला. "खोटं वाटत असेल तर मी जागेवर जाऊन उभा राहतो. पण त्याआधी एकदा पुन्हा सांग. तेव्हा म्हणालास ते. इकडून सांग."

आणि त्याने आपला उजवा कान त्याच्यापुढे केला.

मेबँकचे ओठ दोनदा हलले आणि थांबले.

"माझी बहीण गेली," अखेर तो म्हणाला. "एलायझा. सोळा वर्षांची होती."

हॅस्किन्सने ते ऐकलं. त्याने टोपी काढली, आणि गुरुवारी सकाळी जे म्हणायला हवं होतं ते म्हणाला. काय म्हणाला, ते लेम्युएलला इतक्या दूर ऐकू गेलं नाही. त्याला दिसलं ते इतकंच, की मेबँकच्या हातातलं पिस्तूल फिलपॉटने धावत जाऊन काढून घेतलं, कारण मेबँक ते हातात असल्याचं विसरून हमसून हमसून रडत होता.

कॉलेजात गोष्ट लपते थोडीच? रविवारी सकाळी टेबलं पुन्हा भिंतीशी गेली होती, चुन्याचा वास येत होता, आणि 'बहिऱ्या' हे नाव हॅस्किन्सच्या आधी जेवणघरात पोचलं होतं. समोरच्या एका टवाळाने त्याच्याकडे बघून नुसते ओठ हलवले, आवाज काढला नाही. बाक हसलं. हॅस्किन्सचे दोन्ही कान लाल झाले. त्याने मान खाली घातली नाही, पण आपल्या भिंतीजवळच्या जागेवर तो बसलाही नाही. टेबलाशी तसाच उभा राहिला.

मेबँक दारातून आत आला. हसू थांबलं. हॅस्किन्सच्या डावीकडे त्याची नेहमीची जागा मोकळी होती, भिंतीला खेटून. मेबँकने ती बघितली, बाकाला वळसा घालून तो उजवीकडे आला आणि लेम्युएलला म्हणाला, "सरक जरा." लेम्युएल इतक्या घाईने सरकला की त्याच्या कोपराने दुधाचा पेला लवंडला. मग हॅस्किन्सही भिंतीशी बसला. पाठीमागे टायटस पावाची टोपली घेऊन उभा होता. त्याने ती दोघांच्या मधे ठेवली.

रविवारी कॉलेजात चूल पेटत नसे. पाव शनिवारचाच, दगडासारखा. मेबँकने एक तुकडा उचलला आणि हातात धरून ठेवला.

"पाव गरम आहे," तो म्हणाला.

हॅस्किन्सने टोपलीतला एक गार तुकडा घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

"छान," तो म्हणाला.