उतारा झाकून

बाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. दवाखान्यातल्या नोकरीसाठी जी इंग्रजीची परीक्षा होते, तिचे प्रश्न यापुढे बाईंनी काढायचे की यंत्राने, याचा अहवाल पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. बावीस वर्षं पेपर काढल्यावर ही वेळ. आणि कमाल म्हणजे यंत्राचा आणि बाईंचा असे दोन्ही पेपर तपासायचं काम परीक्षा मंडळाने बाईंवरच सोपवलेलं. त्यांच्या शब्दावर तेवढा भरवसा होता.

यंत्राची खोड त्यांनी पकडली होतीच. त्याच्या उताऱ्यांत साहेबाच्या खुर्चीत कायम पुरुष आणि झाडू कायम बाईच्या हातात. लाल पेनाने गोल करताना त्यांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या.

राहिली होती त्यांची आवडती चाचणी. उतारा झाकायचा आणि नुसते प्रश्न सोडवायला द्यायचे. न वाचताच उत्तर आलं तर प्रश्न बाद. कितीतरी नवख्यांचे पेपर बाईंनी असे निकालात काढले होते. स्वतःचा पेपर या चाळणीत घालावा, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

जेवणाच्या टेबलाशी त्यांनी लेकीला आणि सुनेला समोरासमोर बसवलं. सून लग्नाआधी याच परीक्षेत दोनदा नापास झाली होती. “पोरगी गुणाची आहे, वाचन तेवढं कच्चं,” असं बाई चारचौघांत सांगायच्या आणि सून खाली मान घालून ऐकून घ्यायची.

यंत्राच्या पेपरात दोघींचे दहापैकी दोन-दोन आले, तेही अंदाजपंचे. मग बाईंचा जुना पेपर निघाला. लेक भराभर खुणा करत सुटली.

“उतारा दिसतोय का गं तुला?” बाईंनी विचारलं.

“अगं आई, तंबूच्या दोऱ्या संध्याकाळी सैल का केल्या, हे वाचायला कशाला हवं? दवाने भिजल्या की आखडतात. बाबा दर सुट्टीत सांगायचे की. आणि या पुढच्या प्रश्नातलं व्हायोलिन आपल्या आजोबांचंच ना?”

लेकीचे नऊ आले. सुनेचे दोन.

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. घड्याळात साडेचार झाले होते.

“एवढं काय त्यात? घरच्या दोघींची कसली चाचणी,” लेक म्हणाली. “अहवालातला या चाचणीचा रकाना सोडून दे. यंत्राच्या चुका आहेत ना लिहायला?”

बाईंनाही तेच हवं होतं. पेन त्या रकान्यावरून पुढे सरकलंसुद्धा.

“आई, हा तंबूचा उतारा मला आला होता,” सून हळूच म्हणाली. “दुसऱ्या वेळी. एका मार्काने गेले. मी तीनदा वाचला, पण त्यात दव कुठेच नव्हतं.”

“असं कसं होईल?” म्हणत बाईंनी झाकलेला उतारा उघडला. ओळीवर बोट ठेवून वाचला, मग पुन्हा वाचला. दव नव्हतं. ते लिहावं लागतं, हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी रकान्यात लिहिलं: माझा पेपर, न वाचता नऊ. यंत्राचे लाल गोलही तसेच राहू दिले आणि अहवाल पाठवून टाकला.

“वाचन तुझं कच्चं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “मीच चुकले.”

सुनेचे डोळे भरून आले. ते पुसून तिने विचारलं, “माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगीही एका मार्कानेच गेली होती. तिला कोण सांगणार?”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि मंडळाला पत्र लिहायला नवा कागद पुढे ओढला.