मोरजोडीचा साक्षीदार

चौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला. तरीही १९९४ साली जालन्याच्या कोर्टात मला साक्षीला उभं राहावं लागलं.

दावा रामनिवासशेठचा. ते बैलाच्या पोटफुगीवर 'मोरजोडी' चूर्ण बनवत. दुसऱ्या एका कंपनीनं 'नीलपंख' नावाचं चूर्ण काढलं. पाकीट तसंच पिवळं, वर तसेच दोन मोर. आत काय होतं, देव जाणे.

आमच्या केदारखेड्यात चूर्ण नाव सांगून मागवत नाहीत. जुन्या पाकिटावरचं चित्र कापून बाजाराला निघालेल्याच्या हाती देतात. शेजारच्या द्वारकाबाईनं मला तसंच दिलं. "गुरुजी, तुम्ही वाचणारे. बराबर हेच आणा. बैल फुगून राह्यला." भोकरदनच्या दुकानदारानं तुकडा पाहून पाकीट दिलं, मी आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बैल गेला. मग पाकीट वाचलं, तर 'नीलपंख'.

"नावबी तसंच असंल, न्हाईतर गुरुजी फसते का?" द्वारकाबाई गावभर सांगायची. मी वर्षभर गप्प राहिलो. साक्षीच्या दिवशी ती मागच्या बाकावर होती.

कंपनीच्या वकिलानं दोन्ही पाकिटं शेजारी मांडली.

"नावं वाचा. सारखी आहेत?"

"नाही."

"मग वाचलंच नव्हतं ना?"

'आठवत नाही' म्हटलं असतं तरी सुटलो असतो. तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात तो हसून न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, आता अडाण्यांना विचारून पाकिटं छापायची का?"

"नाही वाचलं!" मी ओरडलोच. "चित्र पाहिलं नि आणलं. सगळे तसंच आणतात. तुम्ही ही दोन पाकिटं शेजारी मांडलीत. दुकानात कोण मांडतं? तिथं एकच हातात असतं, दुसरं डोक्यात. आमच्या बायका अडाणी नाहीत. बारा वर्षं त्या मोरांनी त्यांना दगा दिला नव्हता. हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मोर उचलले!"

"सावकाश बोला, लिहून घ्यायचंय," न्यायाधीश म्हणाले. तेवढ्याच रागानं तेच पुन्हा सावकाश सांगणं फार अवघड गेलं.

बाहेर द्वारकाबाई थांबली होती.

"म्हंजी वाचलं न्हवतं तुम्ही."

"नाही. सांगायचा धीर झाला नाही."

"त्या वकिलापुढं बरा झाला!" म्हणत ती एकटीच एसटीकडं गेली.

दोन महिन्यांनी कोर्टानं त्या पाकिटाला मनाई केली. शेठजी शाल घेऊन आले. मी घेतली नाही. द्वारकाबाई अजून बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. माझी चूक मी भरकोर्टात कबूल केली. पण मोर मुद्दाम उचलणारा तो कंपनीवाला एकाही तारखेला आला नाही. त्याच्या वतीनं वकील तेवढा हसून गेला.