क्रोइटर आजोबांचं स्टेशन

आईवडिलांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं संग्राम, आणि पोरगं निघालं भागूबाई. साताऱ्यात होता तेव्हा कुत्र्यांना घाबरायचा, पुण्यात गेला तेव्हा ट्रॅफिकच्या हवालदाराला. ओहायोतल्या डब्लिनला येऊन चार वर्षं झाली, तरी मागच्या गाडीवर लाल-निळा दिवा चमकला की याच्या तळहातांना घाम फुटायचा, मग ती गाडी भलत्याच कुणाच्या मागे का लागलेली असेना. बायको अहिल्या त्याला म्हणायची, "तू चोरी न करताच चोरासारखा दिसतोस, हीच तुझी पंचाईत आहे."

आता मात्र घाबरायला खरंखुरं कारण मिळालं होतं. 2001 सालच्या सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला कंपनीनं तीस जणांना एका खोलीत बोलावलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवलं. त्यात संग्राम होता. नोकरीवर उभा असलेला व्हिसा नोकरीबरोबरच आडवा झाला. दुसऱ्या एका कंपनीनं घेतो म्हणून सांगितलं होतं, पण कागद अजून वकिलाच्या टेबलावर होते. वकिलानं फोनवर बजावलं, "महिनाभर गप्प राहा. कुणाच्या नजरेत येऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, कुणाकडे एक तासही पगारावर काम केलंत तर सगळं संपलं. मग मीही काही करू शकणार नाही." संग्रामनं ते वाक्य इतक्या वेळा आठवलं की झोपेतही तो पुटपुटायला लागला.

आता यात लपवण्यासारखं काय होतं? गावातली निम्मी माणसं त्याच बोटीत. पण आपल्या लोकांची तऱ्हाच न्यारी. मुलगा नापास झालेला सांगतील, पोट बिघडलेलं चारचौघांत सांगतील, नोकरी गेलेली सांगणार नाहीत. अहिल्या म्हणाली, "मराठी मंडळात एक शब्द बोलायचा नाही. मीनाक्षीकाकूंना कळलं की क्लीव्हलंडपर्यंत जातं." तेव्हा संग्राम रोज सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, गाडीत बसून निघायचा. पहिला आठवडा त्यानं लायब्ररीत काढला. नंतर तो वळसा घालून मागच्या रस्त्यावर यायचा आणि क्रोइटर आजोबांच्या गॅरेजात शिरायचा.

कार्ल क्रोइटर म्हणजे पंचाहत्तरीचा जर्मन म्हातारा. मुलगी नर्स, तिच्याकडे राहायचा, आणि ती दिवसभर ड्यूटीवर. संग्रामची सात वर्षांची अनिका त्याला आजोबा म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले. मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाचं नेपथ्य संग्रामच्या गळ्यात पडलं होतं, कारण मीटिंगमध्ये तो 'नाही' म्हणायला घाबरला. नाटकात एक रेल्वे स्टेशन हवं होतं. म्हाताऱ्याच्या गॅरेजात लाकडी चौकटी दिसल्या म्हणून तो विचारायला गेला, तर म्हाताऱ्यानं त्याला स्टुलावर बसवलं आणि आपला सगळा जन्म पुढ्यात मांडला.

पोरवयात बर्लिनच्या स्टुडिओत रंगाच्या बादल्या उचलणारा हा माणूस पुढे सिनेमांचा कलादिग्दर्शक झाला. लढाई संपली तेव्हा शहरात ढिगाऱ्यांशिवाय काही उरलं नव्हतं. निर्माते खूश, सेट बांधायची गरजच नाही, कॅमेरा घ्यायचा आणि रस्त्यावर जायचं. दहा वर्षांनी शहर चकाचक झालं, पण लढाईचे सिनेमे काही थांबेनात. मग खोटे ढिगारे बांधायला क्रोइटरला बोलावणं यायला लागलं. "हेर संग्राम," तो म्हणायचा, जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत, "खरं घर तीन मिनिटांत पडायचं. तेच पडलेलं बांधायला मला तीन आठवडे लागायचे." पडझड ही त्याची खासियत झाली. मग डोंगरातली गोड गोड खेडी आली, ती त्यानं प्लायवूडची केली. धुक्यातलं लंडन त्यानं हँबुर्गच्या एका गोदामात उभं केलं, आयुष्यात लंडन न पाहता. पुढे टीव्हीनं धंदा खाल्ला, आणि 1971 साली तो मुलीकडे आला. अमेरिकेत त्याला कुणी काम विचारलं नाही. तीस वर्षं सगळी ड्रॉइंगं गुंडाळून गॅरेजात पडून होती.

त्यातलंच एक स्टेशन त्यानं संग्रामला काढून दिलं, 1956 सालच्या सिनेमातलं. मोठा हॉल, खांबांच्या दोन रांगा, वर काचेचं छत. याची मोठी कॉपी काढ, मग पडद्यावर रेघा उतरवू, असं ठरलं. संग्रामनं गुंडाळी काखेत मारली. ती नीट उघडून बघावी एवढंही त्याला सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराला तो कॉपीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीनं कागद पसरला. नऊ खांबांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. प्रत्येक फुलीला नंबर, नंबराशेजारी वेळ. खाली जर्मनमध्ये काहीतरी आणि ठळक आकडा, चाळीस माणसं. मुलीनं कागदाकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं. आणि नेमका त्याच क्षणी पाठीमागून मंडळाचा राजीव म्हणाला, "काय रे संग्राम, मंगळवारी अकरा वाजता इथे? ऑफिसनं सोडलं वाटतं तुला?"

राजीव गमतीनंच म्हणाला होता. पण संग्रामला वाटलं, याला कळलंच. "सोडतंय कसलं यार," तो म्हणाला, "ऑफिसचंच काम आहे. क्लायंटचा प्रोजेक्ट." राजीव खांद्यावरून डोकावत होता. म्हणून फॉर्मवर कंपनीचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा यानं जुन्या कंपनीचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि 'कशासाठी' या रकान्यात 'कंपनी प्रोजेक्ट' असंही लिहिलं. मंडळात अब्रू जाऊ नये म्हणून. वर्ष कोणतं, महिना कोणता, विमानांनी ते दोन मनोरे पाडून दिवस किती झाले, आपला रंग कोणता आणि हा कागद कसला, यातलं काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मुलगी म्हणाली मशीन बिघडलंय, कागद ठेवून जा, उद्या या.

बुधवारी सकाळी पावणेआठला दारावर टकटक झाली. अनिका शाळेच्या बसमध्ये चढून पाच मिनिटंही झाली नव्हती. दारात एक उंच माणूस आणि एक बाई. दोघांनी सरकारी तपास खात्याची ओळखपत्रं दाखवली. संग्रामच्या हातात डबा होता, तो त्यानं खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि शेवटी अहिल्येनं तो त्याच्या हातून काढून घेतला.

उंच माणसानं टेबलावर दुकानात ठेवलेला तोच कागद पसरला. "हे कुठलं स्टेशन आहे?"

"कुठलंच नाही, सर."

"कुठलंच नाही?"

"म्हणजे सिनेमातलं आहे. नाटकासाठी."

"फॉर्मवर कंपनी प्रोजेक्ट लिहिलंय. नाटक कंपनीत आहे?"

माणूस अगदी शांतपणे बोलत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यानं एकेका फुलीवर बोट ठेवलं. "पहिला खांब, शून्य. दुसरा, दोन. तिसरा, साडेतीन. हे नऊ खांब गेले तर छत खाली येईल. खाली चाळीस माणसं. मिस्टर मोहिते, तुम्ही मला समजावून सांगा."

संग्रामला वाटलं, आता आपल्याला नेणार. कुठे नेणार ते कुणी सांगणार नाही. न्यू जर्सीतल्या कुणाला तरी असंच नेलं, तीन आठवडे पत्ता नाही, असं मंडळात सगळे हळू आवाजात सांगत होते. अनिका साडेतीनला बसमधून उतरेल आणि बाबा नसेल. अहिल्याच पुढे झाली. भीती तिलाही वाटत होती, पण भ्यायलेली अहिल्या जास्त स्पष्ट बोलते. "हे ज्यांनी काढलंय ते मागच्या रस्त्यावर राहतात," ती म्हणाली. "दोन मिनिटांवर. त्यांनाच विचारा."

चौघं चालत गेले. वाटेत संग्रामला नवीच धास्ती पडली. म्हातारा ओळख देईल का? असली माणसं दारात आलेली त्यानं तरुणपणी पाहिली असतील. आणि झालंही तसंच. दार उघडून ओळखपत्रं पाहिली मात्र, क्रोइटर आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला. चौकट धरून ते नुसते उभे राहिले. बाईनं कागद समोर धरला आणि विचारलं, हे तुमचं आहे का? संग्राम मनात म्हणत होता, आजोबा, नाही म्हणू नका हो, तुमच्या पाया पडतो.

"माझं आहे," म्हातारा शेवटी म्हणाला. "सही बघा. छप्पन साल."

मग त्यानं सगळ्यांना गॅरेजात नेलं, चष्मा लावला, आणि ड्रॉइंगवर वाकून पहिल्या फुलीवर बोट ठेवलं. "वेळ सेकंदांत आहे," तो म्हणाला. "खांब प्लास्टरचे. मागून चार माणसं दोऱ्या ओढणार, या क्रमानं, नाहीतर एक खांब दुसऱ्याच्या आड पडतो आणि शॉट वाया जातो. आता मापं वाचा. पुढचा खांब चार मीटर. शेवटचा?"

बाईनं वाकून वाचलं. "एक मीटर ऐंशी."

"एवढ्या बुटक्या स्टेशनात कोण जाईल? हॉल लांबलचक दिसावा म्हणून मागचं सगळं लहान करत न्यायचं. मागच्या रांगेत मी शाळेतली मुलं उभी केली होती, मोठ्यांसारखे ओव्हरकोट शिवून. चाळीसातली पंधरा मुलं. छत पडायच्या आधी त्यांना बाजूला काढलं, इथे लिहिलंय बघा. आणि हा जिना अकरा पायऱ्यांनंतर संपतो. वर काही नाही. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते मी कधी बांधलं नाही."

त्यानं एक जुना फोटो काढून दिला. तेच स्टेशन, मागून काढलेलं, नुसत्या फळ्या आणि टेकू. उंच माणूस फोटो न्याहाळत राहिला. मग त्याच्या खांद्यांतला ताण गेलेला दिसला. बाई तर किंचित हसली. देवा, सुटलो, संग्राम मनात म्हणाला.

"आता एकच गोष्ट राहिली," बाई म्हणाली. तिनं वही उघडली. "फॉर्मवर कंपनीचं नाव आहे. आम्ही फोन केला होता. तुम्ही सप्टेंबरपासून तिथे नाही. पण शेजारी म्हणतात, तुम्ही रोज आठला डबा घेऊन बाहेर पडता. कुठे जाता, मिस्टर मोहिते?"

संग्राम शब्द शोधत होता. तो शोधत असतानाच क्रोइटर आजोबा पुढे आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्याकडे येतो," ते म्हणाले. "तो माझ्याकडे काम करतो. नऊ ते पाच."

"पगारावर?"

म्हातारा ताठ उभा राहिला. "अर्थात. बाई, मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा स्टुडिओत सुतारकाम करायला कैदी आणायचे. लढाईत पूर्वेकडच्या देशांतून पकडलेले. दिवसभर राबायचे, एक पैसा नाही मिळायचा. मी त्यांच्या हातात रंगाच्या बादल्या द्यायचो आणि त्यांचं नावही विचारायचो नाही. माझ्याकडे फुकट कुणी राबत नाही. या माणसाला मी दर शुक्रवारी पैसे देतो."

त्यानं कधी एक डॉलरही दिला नव्हता. संग्रामनं घेतलाही नसता. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता, जणू सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचं ओझं त्यानं आत्ता उतरवून ठेवलं असावं. त्याला वाटत होतं, आपण या गरीब माणसाला वाचवलं.

बाईचं पेन भराभर चाललं होतं. "अरे, सांग ना त्यांना," अहिल्या मराठीत पुटपुटली. "सांग की एक पैसा घेतला नाहीस. वकील काय म्हणाला होता?"

वकील काय म्हणाला होता ते संग्रामला पाठ होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, आजोबा खोटं बोलतायत. बस्स, एवढंच. पण आजोबा खोटं बोलतायत, तर मग फुल्यांचं काय? प्लास्टरच्या खांबांचं काय? दोऱ्या, मुलं, ओव्हरकोट, हे सगळं त्याच तोंडानं सांगितलेलं. एका गोष्टीत म्हातारा खोटा ठरला की सगळ्यात खोटा. कागद पुन्हा टेबलावर येईल, आणि या वेळी दोघांनाही नेतील. उंच माणूस त्याच्याकडेच बघत होता, फोटो अजून हातात धरून.

"बरोबर आहे का हे, मिस्टर मोहिते?" बाईनं विचारलं. "हे तुम्हाला पैसे देतात?"

खांद्यावरचा म्हातारा हात त्याला धीर देत किंचित दाबला गेला.

"हो," संग्राम म्हणाला. "दर शुक्रवारी."