दोन रीम उंच

"पप्पा, तुम्ही म्यूटवर आहात," सुमेधा अंबरपेठेतल्या घरून मोबाइलवर म्हणाली, तेव्हा किशनराव साहेबांच्या खुर्चीत कागदाच्या दोन रिमांवर बसून मनापासून एक-दोन-तीन म्हणत होते.

त्यांनी बटण दाबलं. "आता?"

"आता येतंय. पण तुम्ही एवढे उंच कसे?"

"मी नाही, साहेब उंच. आत्ता मी साहेब आहे. कपाळ पूर्ण दिसतंय?"

काचीगुड्याच्या या बियाणं कंपनीत किशनराव शिपाई म्हणून लागले आणि वायरींना हात लावता लावता मीटिंगवाले झाले. सहा वर्षं दर सोमवारी, शाखांबरोबरच्या व्हिडिओ मीटिंगआधी, ते साहेबांच्या खुर्चीत बसून कॅमेरा लावत आणि स्वतःचा चेहरा नीट दिसला की समाधानानं उठत. किशनराव पाच फूट एक इंच. या काळात साहेब तीन झाले, तिन्ही ताडमाड. पहिल्यांचं कपाळ निजामाबाद शाखेनं कधी पाहिलंच नाही. दुसरे खुर्चीत घसरून बसायला शिकले आणि पाठीचं दुखणं घेऊन बदलून गेले. तिसरे रेड्डीसाहेब, ते गेल्या आठवड्यात बोलून मोकळे झाले, "किशनराव, जाते-जाते तो मेरा माथा दिखाओ जी!"

म्हणून हे रीम. आज निवृत्तीचा दिवस, सगळ्या शाखा जोडून निरोप समारंभ, आणि कंप्युटरवर कालच टाकलेलं नवं सॉफ्टवेअर. माइक सुरू करू? कॅमेरा सुरू करू? चौतीस वर्षांत ज्यांना ऑफिसात कुणी कसलीच परवानगी विचारली नव्हती, त्यांना त्या मशीननं एका दिवसात अकरा वेळा विचारली.

"आजी कुठंय?"

"अंघोळीला. पांढरं लुगडं पहाटेच काढून ठेवलंय. विचारते, किशन खुर्चीत बसणार का?"

"तिला सांग, खुर्ची साहेबांची असते. मी बाजूला उभा दिसेन."

विठाबाईंनी मुलाचं ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. धाकट्या किशोरनं तिला सांगून ठेवलं होतं, दादा टीव्ही लावतो. तिला ते काही पटलं नाही. दर सणाला ती विचारायची, "तू करतूस काय रं तिथं?" आणि दर सणाला किशनराव सांगायचे, दाखवीन एकदा. आता एकच दिवस उरला होता.

त्यांनी कॅमेऱ्याचा स्क्रू पिळला, वरून टेप मारली आणि रीम कपाटात ठेवले.

चार वाजता रेड्डीसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून त्याच खुर्चीत बसवलं. "आज तुम कुच नक्को करो. बैठो."

पडद्यावर निजामाबाद आलं, आदिलाबाद आलं, नांदेड आलं. एका चौकोनात पांढरं लुगडं आलं. किशनरावांच्या चौकोनात मात्र मागची भिंत होती आणि तळाशी तेल लावून काढलेला सरळ भांग.

साहेब उभे राहून बोलू लागले. "किशनराव के बगैर ये ऑफिस..."

"किशन कुठं हाय गं?" विठाबाईंचा माइक सुरूच होता. "नुसतं डोस्कं दिसतंय कुणाचं तरी."

नांदेडची मीना खुदकन हसली. हिशेब बघणारे नामदेवराव उठले. "कॅमेरा खाली करू का?"

"नको," किशनराव म्हणाले. "सोमवारी मीटिंग आहे. तो साहेबांच्या मापानं लागलाय. पुन्हा लावायला मी नसेन."

ते खुर्चीतून पुढे सरकताना पाहून साहेब म्हणाले, "अरे, बैठो ना किशनराव."

"हौ साहेब. दो मिनिट."

ते उठले, कपाट उघडलं, दोन्ही रीम आणून खुर्चीवर ठेवले आणि वर बसले. हसावं की नाही हे लोकांचं ठरेपर्यंत त्यांचा चेहरा बरोबर चौकोनाच्या मधोमध आला होता.

"हां, दिसला," पलीकडून म्हातारी म्हणाली. "सायबाच्या खुर्चीत हाय." मग जरा थांबून, "सुमे, किती थकलाय गं."

"आजी, थांब, मी म्यूट करते."

"राहू दे," किशनराव म्हणाले. "आवाज चांगला येतोय."

साहेबांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. किशनराव ताठ बसून ऐकत होते, दोन्ही हात टेबलावर. टेबलाखाली त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तेवढं कॅमेऱ्यात येत नव्हतं.